गणिताच्या तासाला एक तिरका पट

आमच्या भागातल्या शाळांच्या फाटकाबाहेर हल्ली एक फलक हमखास दिसतो. वर अबॅकस, मग वेदिक गणित, आणि दोनेक वर्षांपासून त्याखाली बुद्धिबळ. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत ठरलेली ओळ: एकाग्रता वाढते, गणित सुधारतं. डिसेंबर 2024 मध्ये गुकेश जगज्जेता झाला, जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, आणि फलकांची संख्या दुप्पट झाल्यासारखी वाटायला लागली. शाळाही मागे नाहीत. काहींनी आठवड्यातली एक तासिका बुद्धिबळाला दिलीय, ती बहुधा गणिताच्या तासांतून कापून.

माझं भांडण बुद्धिबळाशी नाही. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीने या खेळासाठी काय केलं हे ज्याला माहीत आहे, तो त्याच्याशी भांडणार नाही. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 मध्ये बंगळुरूत झाली आणि आपल्या वासंती खाडिलकरांनी ती जिंकली. माझं भांडण आहे ते फलकावरच्या शेवटच्या ओळीशी. इंग्लंडमध्ये 100 शाळांत हे नीट तपासून पाहिलं गेलं. निम्म्या शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्गातच बुद्धिबळ शिकवलं, उरलेल्यांना नाही, आणि वर्षभराने दोघांचे गणिताचे गुण पाहिले. 2016 मध्ये निष्कर्ष आला: गणितावर काही परिणाम दिसला नाही. मुलं बुद्धिबळ शिकली, म्हणजे बुद्धिबळ शिकली. पोहायला शिकलेलं मूल पोहतं, त्याचं इंग्रजी त्याने सुधारत नाही. यात कुणाचा अपमान नाही.

मग गणिताच्या तासाला खेळ नकोच का? हवा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही गणिती विचारासाठी कोडी आणि खेळ नेमाने वापरावेत असं म्हटलंय. पण तो खेळ गणित 'सुधारतो' म्हणून आणू नये, तो स्वतःच गणित असावा. खेळता खेळता पोराने विचारलेल्या 'का?'ला वर्गातच, फळ्यावर, पूर्ण उत्तर देता यावं. बुद्धिबळात ते होत नाही. घोडा अडीच घरं का चालतो, याला 'तसा नियम आहे' यापलीकडे उत्तर नाही. माझ्या मते या कामाला सगळ्यात लायक असा खेळ आहे हेक्स, आणि तो आपल्याकडे जवळपास कुणालाच माहीत नाही.

खेळ सांगायला दोन मिनिटं पुरतात. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, मिळून एक तिरका चौकोन. समोरासमोरच्या दोन बाजू तुमच्या, उरलेल्या दोन माझ्या. आळीपाळीने एकेक सोंगटी कुठल्याही मोकळ्या घरात ठेवायची. ठेवलेली हलवायची नाही, मारामारी नाही. आपल्या दोन बाजू सलग सोंगट्यांनी जो जोडेल तो जिंकला. संपला नियम.

डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता तेव्हाची ही गोष्ट. पीट हाइन नावाचा डॅनिश माणूस, थोडा गणिती, थोडा कवी, थोडा कारागीर. त्याने हा खेळ 1942 च्या नाताळात, 26 डिसेंबरला, 'पोलिटिकेन' या दैनिकातून लोकांपुढे ठेवला. त्याने नाव दिलं होतं 'पॉलिगॉन'. खेळायला लागायचं काय, तर छापील षटकोनांच्या कागदाचा गठ्ठा आणि पेन्सिल. युद्धाच्या दिवसांत लाकडी पट आणि हस्तिदंती सोंगट्या कोण घेणार! पुढे 1948 च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये जॉन नॅश या विद्यार्थ्याने हाच खेळ आपला आपण शोधला. तोच नॅश, ज्याला 1994 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथली पोरं खेळाला 'नॅश' म्हणायची किंवा नुसतं 'जॉन'; अमेरिकन बोलीत 'जॉन' म्हणजे संडास, आणि न्हाणीघरातल्या षटकोनी फरश्यांवर खेळता येतो म्हणून हे नाव, अशी एक मिश्कील व्युत्पत्तीही सांगतात. 1952 मध्ये एका अमेरिकन कंपनीने तो 'हेक्स' नावाने बाजारात आणला आणि 1957 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिल्यावर तो जगभरच्या गणितवेड्यांच्या घरांत शिरला. आपल्या शाळांत मात्र अजून शिरलेला नाही.

मी तो सातवी-आठवीच्या वर्गात नेला तेव्हा पहिली अडचण पटाची आली. षटकोनी कागद मिळेना. कंपासने एकेक षटकोन काढायला बसलो तर तास संपून जाईल. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वडील गवंडी, वहीत काहीतरी रेघोट्या मारत होता. जाऊन पाहिलं तर त्याने विटांची भिंत काढली होती. "सर, सहा शेजारीच पाहिजेत ना? विटेला सहाच असतात."

खरंच की. डावी-उजवीकडे एकेक, वर दोन, खाली दोन. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्धी वीट उजवीकडे सरकवत गेलं की तिरका पट आपोआप तयार होतो. साधी पट्टी, चौकटीची वही, पाच मिनिटांत सात बाय सातचा पट. एकाचे चिंचोके, दुसऱ्याचे खडे. खर्च शून्य रुपये. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवायची गरज नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

आणि त्या विटांनीच मला पुढचा धडा शिकवायला मदत केली. पंधरा दिवस खेळल्यावर मुलांच्या लक्षात आलं की हा डाव कधी बरोबरीत सुटत नाही. फुली-गोळ्यात जरा डोकं चालवणारी दोन मुलं बसली की दरवेळी बरोबरी. इथे एकदाही नाही. एक मुलगी म्हणाली, "अजून झाली नाही म्हणजे होणारच नाही असं कुठंय?" गणिताचा शिक्षक वर्षभर ज्या वाक्याची वाट बघतो ते हे वाक्य. पन्नास डाव बघितले, शंभर बघितले, म्हणून काही सिद्ध होत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी चिंचोक्यांना पाणी म्हटलं आणि खड्यांना बांध. पट पूर्ण भरला असं समजा. पाणी या काठापासून त्या काठापर्यंत पोचलं तर चिंचोके जिंकले. नाही पोचलं, तर त्याला कुणीतरी अडवलंय. म्हणजे खड्यांचा बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे. वर्गाने मान डोलावली. ती मुलगी नाही. तिने वहीत साधे चौकोन काढले, चार चौकोन जिथे भेटतात त्या कोपऱ्याला तिरके समोरासमोर दोन चिंचोके ठेवले, दोन खडे ठेवले. "इथं पाणी पण जात नाही, बांध पण सलग नाही."

बरोबर होतं तिचं. चौकोनी पटावर दोघंही अडकू शकतात, कारण एका कोपऱ्यात चार घरं भेटतात. षटकोनांच्या पटावर कुठल्याही कोपऱ्यात तीनच घरं भेटतात. तीन घरं आणि दोन रंग, म्हणजे दोन घरं एका रंगाची असणारच आणि ती एकमेकांना चिकटलेली असणारच. फट राहायला जागाच नाही. मी हे बोलायच्या आत गवंड्याचा मुलगा म्हणाला, "सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नसतो. बाबा म्हणतात, नाहीतर भिंत फाटते." विटेच्या भिंतीत प्रत्येक सांध्याशी तीनच विटा. बांधकामाचा नियम आणि खेळाचा नियम एकच निघाला, आणि तो काढला बाराव्या वर्षाच्या दोन पोरांनी.

हे पोरखेळाचं गणित आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांच्या माहितीसाठी: 1979 मध्ये डेव्हिड गेल यांनी दाखवलं की 'हेक्समध्ये बरोबरी होत नाही' हे विधान आणि ब्राउवरचं स्थिरबिंदू प्रमेय ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, एकावरून दुसरं सिद्ध करता येतं. ते प्रमेय एम.एस्सी.ला शिकवतात. नॅशने 1951 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तेच वापरून खेळांत समतोल असतोच हे सिद्ध केलं होतं; समतोल म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती. प्रिन्स्टनमध्ये नॅशसाठी हेक्सचा पहिला पट बनवून देणारा सहाध्यायीही हाच गेल.

याहून मोठी गंमत पुढे आहे आणि माझा खरा आग्रह तिच्यासाठीच आहे. नॅशने सिद्ध केलं की पहिली खेळी करणाऱ्याकडे जिंकायची हमखास रीत असते. कशी ते बघा. समजा, दुसऱ्याकडे हमखास रीत आहे. मग पहिल्याने एक सोंगटी कुठेही टाकून द्यावी आणि यापुढे आपणच दुसरे आहोत असं समजून ती रीत चोरावी. टाकलेली सोंगटी आड येईल का? हेक्समध्ये आपली जास्तीची सोंगटी आपलं कधीच नुकसान करत नाही. रीतीने त्याच घरात खेळायला सांगितलं तर ते आधीच आपलं आहे, दुसरीकडे कुठेही आणखी एक टाकावी. म्हणजे पहिलाही जिंकणार आणि दुसराही जिंकणार, हे अशक्य. दुसऱ्याकडे रीत नाही. बरोबरी तर होतच नाही. तेव्हा रीत पहिल्याकडेच.

वर्ग गप्प. मग तीच मुलगी, "मग सांगा ना ती रीत."

"मला माहीत नाही."

"पुस्तकात असेल."

"कुठल्याच पुस्तकात नाही."

नेहमीच्या अकरा बाय अकराच्या, 121 घरांच्या पटासाठी पूर्ण रीत कुणालाच माहीत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं संगणक राबवून 2013 पर्यंत नऊ बाय नऊच्या पटाच्या प्रत्येक पहिल्या खेळीचा निकाल लावला. त्यापुढे घरं वाढतात तसा हिशेब भलताच फुगतो. रीत आहे हे पाच ओळींत सिद्ध होतं. ती कोणती हे जगातल्या यंत्रांना सांगता येत नाही.

त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा वैताग मला अजून आठवतो. आपल्या शाळेत तिला आठ वर्षं हेच शिकवलं गेलं की गणित म्हणजे उत्तर, आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर असतं. उत्तर आहे हे निश्चित आणि तरी ते कुणाच्याच पानावर नाही, ही गोष्ट तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चार पर्यायांतला एक गोल काळा करणाऱ्या मुलांना हा धक्का मिळायलाच हवा, असं मी ठासून म्हणतो. तो भूमितीच्या 'सिद्ध करा'मध्ये मिळत नाही, कारण तिथली सिद्धता पाठ करता येते आणि केलीही जाते.

आता आक्षेप. पहिला म्हणजे पहिल्याचा फायदा ठरलेलाच असेल तर खेळ अन्यायाचा नाही का? आहे. म्हणून त्यावर उपायही आहे, तोही आपल्या घरातलाच. भावंडांत वडी वाटताना आई सांगते, एकाने कापायची, दुसऱ्याने आधी उचलायची. हेक्समध्ये तसंच: पहिल्याने एक सोंगटी ठेवली की दुसऱ्याला म्हणता येतं, "ही माझी." मग बाजू बदलतात. तेव्हा पहिल्याला मधोमध, भारी जागी ठेवून चालत नाही आणि अगदी कोपऱ्यात फालतू जागीही नाही. अशी जागा शोधावी लागते जिथे त्याला कुठलीही बाजू मिळाली तरी चालेल. मूल्यशिक्षणाच्या तासाला समतेवर निबंध लिहून घेण्यापेक्षा हे दहा मिनिटं करून बघावं. माझ्या वर्गात 'ही माझी' या नियमावरून जेवढी भांडणं झाली तेवढी डावावरून झाली नाहीत, आणि ती सगळी भांडणं मुद्द्याची होती.

दुसरा आक्षेप अस्मितेचा: बुद्धिबळ आपलं, चतुरंगातून आलेलं, हे डेन्मार्कचं बेणं कशाला? मग आजच्या पटावरचा वजीर सरळ, तिरका, हवा तेवढा का धावतो ते विचारा. चतुरंगातला मंत्री एकेकच तिरकं घर चालायचा. त्याला हे पाय युरोपात पंधराव्या शतकाच्या शेवटी फुटले. खेळ गावोगाव फिरतात, प्रत्येक गाव त्यात काहीतरी घालतं. विटांचा पट आमच्या वर्गाने घातला.

तिसरा आक्षेप मला खरंच जड जातो. बुद्धिबळाला शिडी आहे. तालुका, जिल्हा, राज्य. दहावी-बारावीला खेळाडूचे सवलतीचे गुण. पुढे सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण. गरीब घरातल्या मुलाला हेक्स काय देणार? प्रामाणिक उत्तर असं की काहीच नाही. ज्याच्या हातात बुद्धिबळ आहे त्याने ते सोडू नये, शाळेने त्याला मैदानाच्या वेळेत, खेळाच्या तासिकेत, खेळाच्या पैशांतून पाठबळ द्यावं. पण गणिताच्या तासातली मिनिटं काढून त्याला द्यायची आणि वर हे गणितासाठीच आहे म्हणायचं, हे नको.

शिडी नसणं हाच हेक्सचा गुण आहे हे मी चूक करून शिकलो. दुसऱ्या वर्षी उत्साहात मी वर्गात स्पर्धा घेतली. कंपासपेटीचं बक्षीस, फळ्यावर गुणतक्ता. आठ दिवसांत वर्गाचा रंग बदलला. दोघा-तिघांनी मोबाइलवरून सुरुवातीच्या चाली पाठ करून आणल्या, 'का?' विचारणं थांबलं, आणि हरणारी मुलं चिंचोके खिशात घालून खिडकीबाहेर बघायला लागली. बरोबरी नसलेल्या खेळात दरवेळी कुणीतरी हरतंच. त्यावर गुण लावले की तेच पोर दरवेळी हरलेलं दिसतं. स्पर्धा मी अर्ध्यावर बंद केली. कंपासपेटी अजून कपाटात आहे.

मग काय जमलं? हरलेल्या डावाचा पट पुसायचा नाही, हा एकच नियम. हरणाऱ्याने बोट ठेवून दाखवायचं की डाव कुठे गेला. बहुतेक वेळा तो 'दोन दारां'वर गेलेला असतो. हे नाव मुलांनीच ठेवलं. तुमचा चिंचोका एका विटेवर आणि दुसरा एक ओळ सोडून बरोबर त्याच्या डोक्यावर. मधल्या ओळीतल्या दोन विटा दोघांनाही चिकटतात. मी एक दार लावलं की तुम्ही दुसऱ्यातून शिरता. म्हणजे न जोडताच तुम्ही जोडलेले असता. हे ज्याला आधी दिसलं नाही तो शेवटपर्यंत पाठलाग करत राहतो आणि प्रत्येक वेळी एक खेळी उशिरा पोचतो. ते बोट ठेवून दाखवताना मुलगा जे बोलतो त्यात 'जर', 'तर', 'म्हणून', 'कुठेही ठेवलं तरी' हे शब्द येतात. गणिताची भाषा हीच, आणि ती मराठीत आपसूक येते. पाठ्यपुस्तकातलं 'पक्ष-साध्य' न आठवता.

शिक्षकांकडे वेळ कुठे आहे, असं कुणी म्हणेल. नाहीच आहे. ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीची कामं करायची, सर्वेक्षणं करायची आणि उरलेल्या वेळात शिकवायचं, अशी तऱ्हा. म्हणून मी नवी योजना मागत नाही. योजना आली की पुस्तिका येईल, प्रशिक्षण येईल, फोटो अपलोड करायची लिंक येईल, आणि वर्षाअखेर 'हेक्स क्लासेस'चा फलक फाटकाबाहेर लागेल. मागणी एवढीच आहे: ज्या शाळेने गणितातली तासिका बुद्धिबळाला दिलीय तिने ती परत घ्यावी, आणि तीतून महिन्याला दोन तास शिक्षकाच्या मर्जीवर सोडावेत. गुण नकोत, नोंदवही नको. ज्याला हेक्स आवडेल त्याने हेक्स घ्यावा. शिक्षकाला हा खेळ यायलाच हवा असंही नाही. मी सातवीतल्या मुलांकडून सर्रास हरतो, आणि गणिताचे सर हरताना पाहून वर्गाला जो आनंद होतो त्यात मीही सामील असतो.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात सध्या एक अकरा बाय अकराचा पट आहे, खाली 'पुसू नये' असं लिहिलेलं. मधल्या सुट्टीत येणारी-जाणारी मुलं एकेक खूण करतात. लाल खडू 'अ' तुकडीचा, पांढरा 'ब'चा. काल शनिवारी लाल खडूने डावीकडे एक ओळ सोडून बरोबर डोक्यावर खूण केली आहे. दोन्ही दारं अजून उघडी आहेत.